घरच्या पिनहोल कॅमेऱ्यानं स्वतःचं पोर्ट्रेट: चेहरा हरवतो कुठे आणि आणायचा कसा

पिनहोल कॅमेरा म्हणजे भिंगाऐवजी सुईच्या भोकातून उजेड आत घेणारा बंद डबा. डब्याला भोक पाडून झाडाचा किंवा समोरच्या इमारतीचा फोटो बहुतेकांना लवकर जमतो. तोच डबा स्वतःकडे वळवला की घोळ सुरू होतो. खुर्ची स्वच्छ येते, भिंतीच्या भेगा येतात आणि चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. नाहीतर चेहरा असा काळाठिक्कर की डोळे कुठे आणि नाक कुठे ते कळेना. मग लोक भोकाला दोष देतात, आणखी बारीक सुई शोधतात, नवं भोक पाडतात. भोक बहुधा ठीक असतं. चुकलेला असतो तो क्रम. आधी स्वतः जाऊन बसायचं आणि फोटो बिघडला की मग चाचण्या करायच्या, हे उलटं आहे. खाली दिलेल्या क्रमात तुम्ही खुर्चीवर बसता ते आठव्या टप्प्यात. त्याआधीचं काहीही गाळू नका.

मापं सगळीकडे एकच धरली आहेत: भोक ते कागद अंतर १० सेंमी, कागद ४ × ५ इंच, भोक ०.४५ मिमी. डबा वेगळा असेल तर आकडे बदलतील, पण पहिला कॅमेरा याच मापाचा करा. हिशेब तोंडी करता येतात.

## १. जमवाजमव

डबा पत्र्याचा आणि चौकोनी घ्या. मिठाईचा किंवा बिस्किटांचा, साधारण १० सेंमी खोल, झाकण बाहेरून घट्ट बसणारं. पुठ्ठ्याचा खोकाही चालतो, पण त्याचे कोपरे उजेड आत सोडतात आणि पावसाळ्यात तो मऊ पडतो. दुधाच्या पावडरीचा गोल डबा पोर्ट्रेटसाठी नको. त्यात कागद वळवून बसवावा लागतो, त्यामुळे सरळ रेषा वाकतात आणि चेहरा मध्यापासून जरा सरकला की पसरट होतो.

कागद म्हणजे डार्करूममधला कृष्णधवल फोटो पेपर, आरसी प्रकारचा, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेला. इलफर्डचा मल्टिग्रेड आरसी नवशिक्यांना सोपा, कारण तो लवकर धुतला जातो आणि वाळल्यावर वाकत नाही. ८ × १० इंचाच्या एका कागदाचे ४ × ५ चे बरोबर चार तुकडे होतात. कुणाच्या कपाटात वर्षानुवर्षं पडलेलं पाकीट फुकट मिळालं तर घ्या, पण आधी एक पट्टी अंधारात, उजेड न दाखवता, डेव्हलप आणि फिक्स करून बघा (म्हणजे रसायनात चित्र उमटवून आणि मग पक्कं करून, कृती नवव्या टप्प्यात). ती राखाडी आली तर तो कागद संपला.

बाकी सामान: थंड पेयाचा ॲल्युमिनियमचा कॅन, १० नंबरची शिवणाची सुई, बारीक पॉलिश पेपर, काळी इन्सुलेशन टेप, फळ्याला लावतात तो बिनचकाकीचा काळा रंग, काळा जाड कागद, जाड दोरा, तीन प्लास्टिकचे ट्रे, तीन चिमटे, डेव्हलपर, फिक्सर, लाल दिवा आणि एक नारळ. नारळ कशाला, ते सातव्या टप्प्यात.

## २. भोक

कॅन कापून साधारण ३ × ३ सेंमीचा तुकडा काढा. कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घाला. तुकडा जाड पुठ्ठ्यावर ठेवून मध्यावर बॉलपेनच्या टोकानं हलका खळगा पाडा. आरपार जायचं नाही. उलट्या बाजूला आलेला उंचवटा पॉलिश पेपरवर गोल गोल घासा. तिथला पत्रा पातळ होतो, आणि पातळ पत्र्यातच स्वच्छ कडेचं भोक पडतं.

आता सुई उभी धरून त्याच जागी टेकवा आणि बोटांत फिरवत, अगदी हलक्या दाबानं आरपार न्या. पत्रा पलटा, भोकाच्या कडेला उचलून आलेला खरखरीत पत्रा घासा, सुई पुन्हा एकदा फिरवून काढा. १० नंबरच्या सुईची जाडी साधारण ०.४६ मिमी असते, म्हणजे आपल्याला हवं तेच माप. हे माप येतं कुठून? १० सेंमी अंतराला सर्वांत रेखीव चित्र देणारं भोक हिशेबानं ०.४५ मिमीच्या आसपास निघतं. त्याहून मोठं केलं तर चित्र मऊ पडतं. फार बारीक केलं तरीही मऊच पडतं, कारण प्रकाश कडेला वळून पसरतो. वर एक्स्पोजर, म्हणजे कागदाला उजेड द्यायची वेळ, लांबतं, आणि पोर्ट्रेटमध्ये तेच सर्वांत महाग पडतं.

तपासणी: पत्रा स्कॅनरवर ठेवून २४०० डीपीआयला स्कॅन करा. भोक ४२-४३ पिक्सेल रुंद दिसलं की माप बरोबर. ३८ ते ४८ च्या दरम्यान असेल तरी काम चालेल. अंडाकृती किंवा दातेरी दिसलं तर तो तुकडा टाका आणि नवा घ्या. भोक दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

## ३. डबा

डब्याच्या बुडाच्या बरोबर मध्यावर साधारण १ सेंमीचं छिद्र पाडा आणि त्यावर आतून भोकाचा पत्रा टेपनं चारी बाजूंनी चिकटवा. पत्र्याची आतली बाजू काळ्या मार्करनं रंगवा. डबा आणि झाकण आतून फळ्याच्या रंगानं काळं करा आणि वास पूर्ण जाईपर्यंत वाळू द्या. चकचकीत पत्रा तसाच ठेवला तर उजेड आत उड्या मारतो आणि निगेटिव्हवर, म्हणजे कागदावर उमटणाऱ्या काळं-पांढरं उलटं असलेल्या चित्रावर, भलतीकडेच पट्टे उमटतात.

कागद झाकणाच्या आतल्या बाजूला बसणार. त्यासाठी काळ्या कागदाच्या चार कोपरपट्ट्या चिकटवा, फोटो अल्बममध्ये असतात तशा. दुहेरी टेप वापरू नका, अंधारात कागद सोडवताना कोपरा फाटतो. झाकण बसवल्यावर भोकापासून कागदापर्यंत पट्टीनं मोजा. ९.५ ते १०.५ सेंमीमध्ये असेल तर पुढे चला.

झाकणाची फट बाहेरून काळ्या टेपनं दोन फेरे बंद करायची, आणि हे प्रत्येक वेळी. टेपचा एक थर उन्हात आरपार उजेड सोडू शकतो.

## ४. अंधार आणि दोन चाचण्या

न्हाणीघर आणि रात्रीची वेळ. दाराखाली टॉवेल, खिडकीला काळं प्लास्टिक. आत पाच मिनिटं दिवा न लावता उभं राहा, डोळे सरावले की फटी आपोआप दिसतात. गीझरचा दिवा, वॉशिंग मशिनचे आकडे, मनगटावरचं घड्याळ, सगळं झाका. मोबाइल बाहेर. त्याचा पडदा लाल करून सेफलाइट (कागदाला न झोंबणारा दिवा) म्हणून वापरायची युक्ती विसरा, त्या लालमध्येही कागदाला झोंबणारा उजेड असू शकतो.

मल्टिग्रेड कागदाला निळा आणि हिरवा उजेड दिसतो, लाल दिसत नाही. म्हणून लाल दिवा चालतो. पण तो खरा लाल हवा, पांढऱ्या बल्बवर लाल रंग फासलेला नको. कागदाच्या तुकड्यावर एक नाणं ठेवा, लाल दिव्याखाली पाच मिनिटं राहू द्या आणि डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा बदला किंवा लांब न्या. ही चाचणी टाळणारे पुढे महिनाभर राखाडी फोटोंचं कारण शोधत बसतात.

दुसरी चाचणी डब्याची. कागद भरा, भोक बाहेरून काळ्या टेपनं झाका, डबा भर उन्हात दहा मिनिटं ठेवा, मध्येच एकदा बाजू बदला. डेव्हलप केल्यावर कागद कोराकरकरीत पांढरा यायला हवा. कडेकडून आत येणारा काळा ओघळ दिसला तर झाकणाची फट, मध्यावर धूसर डाग दिसला तर भोकाची टेप.

सावधान: कागद उलटा बसवणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. चकचकीत बाजू भोकाकडे. लाल उजेडात दोन्ही बाजू सारख्या वाटल्या तर ओलसर बोटानं कोपरा दाबून बघा. ज्या बाजूला चिकट लागतं ती बरोबर. बोट लागलेला तो कोपरा नंतर कापला जाईल असा निवडा.

## ५. उजेड, भिंत, कपडे

निम्मी पोर्ट्रेट बिघडतात ती इथे. हा टप्पा लोक दोन मिनिटांत उरकतात.

पहिली गोष्ट, थेट ऊन नको. फोटो पेपर मुळातच कडक चित्र देतो. उन्हात कपाळ आणि नाक पांढरंफटक, डोळ्यांच्या खोबणी काळ्या. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जगभर पिनहोल दिवस साजरा होतो, २००१ पासून. आपल्याकडे तेव्हा ऊन रणरणत असतं, आणि त्या दिवशी काढलेली पोर्ट्रेटं बघितली की हेच दिसतं. सगळ्यात चांगला दिवस म्हणजे आभाळ पातळ ढगांनी भरलेलं पण लख्ख. तसा दिवस नसेल तर पडवीच्या किंवा गॅलरीच्या कडेला, तोंड मोकळ्या आभाळाकडे करून बसा. एका बाजूला पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तक्ता उभा केला तर सावलीतला गाल उजळतो.

दुसरी गोष्ट, घड्याळ. कागद मुख्यतः निळ्या उजेडावर चालतो. संध्याकाळी पाचनंतरचा सोनेरी उजेड डोळ्याला भरपूर वाटतो, मोबाइलमधलं मीटरही तसंच सांगतं, पण त्यात निळं कमी असतं. कागदाला तो निम्माच, कधी त्याहून कमी पोचतो. घरातल्या पिवळ्या बल्बखाली तर नादच सोडा. सकाळी नऊ ते दुपारी तीन ही वेळ धरा.

तिसरी गोष्ट रंगांची. कागदाला तांबडं आणि पिवळं जवळजवळ काळंच दिसतं आणि निळं पांढरं. हळदीच्या रंगाचा कुर्ता घालून बसलात तर तो काळा येतो. आकाशी शर्ट पांढरा येतो. कपाळावरची लाल टिकली शाईच्या थेंबासारखी, ओठ गडद. आणि आपली गव्हाळ किंवा सावळी कातडी डोळ्याला दिसते त्यापेक्षा बरीच गडद येते, कारण तिच्यात तांबूस छटा असते. मुरुमांचे डाग, वांग, उन्हानं रापलेला भाग हे सगळं ठळक होतं. ते आवडत असेल तर उत्तम, खरं तर मला त्यातच या फोटोंची मजा वाटते. पण परदेशी लेखांमधल्या वेळा तशाच उचलल्या की आपले चेहरे अंधारात का बुडतात, त्याचं हे एक मोठं कारण. चेहऱ्यासाठी वेळ दीडपट ते दुप्पट द्यावी लागते.

भिंतही याच नियमानं निवडा. फिकट निळ्या डिस्टेंपरची भिंत पांढरी येते आणि काळे केस तिच्यावर सुटून दिसतात. कोकणात जांभ्याच्या उघड्या भिंतीसमोर बसाल तर भिंत काळी येईल, केस तिच्यात विरतील आणि पांढरा सदरा तेवढा चमकेल. चेहऱ्यापेक्षा सदरा महत्त्वाचा नसेल तर मधल्या निळ्या-राखाडी रंगाचं साधं कापड घाला.

## ६. चौकट आणि झडप

पिनहोलला व्ह्यूफाइंडर नसतो. पण आपलं अंतर १० सेंमी आणि कागद उभा धरला तर १० सेंमी रुंद, १२.७ सेंमी उंच. त्यामुळे भोकापासून जितकं अंतर तितकीच चौकटीची रुंदी, आणि उंची त्याच्या सव्वापट. ६० सेंमीवर बसलात तर ६० सेंमी रुंद आणि साधारण ७६ सेंमी उंच एवढं मावेल. डोकं, खांदे, छाती.

४० सेंमीपेक्षा जवळ जाऊ नका. नाक फुगतं, कान मागे पळतात. शिवाय जवळच्या वस्तूसाठी भोकाचा ठसा कागदावर मोठा पडतो. ४० सेंमीवर तो सव्वापट होतो, म्हणजे चेहरा मागच्या भिंतीपेक्षा जरा मऊच येणार. ‘पिनहोलमध्ये सगळं सारखंच फोकसमध्ये असतं’ हे वाक्य पोर्ट्रेटपुरतं अर्धसत्य आहे. पहिल्या फोटोला ६० सेंमी ठेवा.

डबा स्टुलावर, भोक तुमच्या डोळ्यांच्या उंचीला. स्टूल ठेंगणं असेल तर पुस्तकं रचण्यापेक्षा खाली वीट द्या. डब्यावरही एक वीट किंवा दोन किलो तांदळाची पिशवी ठेवा. भोकापासून ६० सेंमीचा दोरा ताणून नाकाचं टोक कुठे येणार ते ठरवा. खुर्चीच्या चारही पायांभोवती खडूनं खुणा करा. मागच्या भिंतीवर, डोकं टेकेल तिथेही खडूची फुली.

आता झडप. नुसती टेप ओढून काढली की डबा हलतो. म्हणून ५ × ५ सेंमीच्या काळ्या जाड कागदाची पट्टी भोकावर लोंबती ठेवा, वरच्या कडेला टेपची बिजागरी. खालच्या कडेला दोरा बांधा, तो डब्याच्या वरून मागे, स्टुलाच्या पायाभोवती वळवून जमिनीवरून खुर्चीपर्यंत आणा. ओढला की झडप वर, सोडला की खाली. दोरा समोरून थेट हाताकडे आणू नका, तो चौकटीत येतो. आणि घरात कुणी असेल तर झडप उघडायला त्यांना सांगा. त्यानं सेल्फ-पोर्ट्रेटचा धर्म बुडत नाही.

दोऱ्याची भानगड नको असेल तर झडप हातानं उघडून खुर्चीत जाऊन बसायलाही हरकत नाही, कारण एकूण वेळ दोन-तीन मिनिटांची असते. नियम एवढाच की जाण्यायेण्याचा वेळ एकूण वेळेच्या दहाव्या भागापेक्षा कमी राहिला पाहिजे. तीन मिनिटांत दहा-बारा सेकंद गेले तर कळतही नाही. तीस सेकंदांच्या फोटोत तेच केलंत तर तुमच्या छातीतून भिंत दिसेल.

तपासणी: कागद न भरता दोरा दहा वेळा ओढून सोडा. दर वेळी झडप पूर्ण बसते का? डबा जागचा हलतो का? डब्याच्या कडेला स्टुलावर पेन्सिलची रेघ मारली की हललेलं लगेच दिसतं.

## ७. नारळाची चाचणी

स्वतः बसायच्या आधी खुर्चीवर नारळ बसवा. सोललेला, शेंडीसकट. उंच बाटलीवर किंवा काठीला टांगून, बरोबर तुमचा चेहरा येणार त्या जागी. नारळाचा तपकिरी रंग कागदाला कातडीसारखाच गडद दिसतो, त्यावर धागे असतात म्हणून रेखीवपणा कळतो, आणि मुख्य म्हणजे तो हलत नाही. शेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा लावा.

सुरुवातीच्या वेळा हिशेबानं काढता येतात. आपलं भोक एफ २२२ च्या आसपासचं (१० सेंमी अंतराला भोकाच्या मापानं भागून) आणि कागदाचा वेग, म्हणजे तो किती लवकर उजेड टिपतो ते, आयएसओ ६ धरला तर भर उन्हात साधारण ३० सेकंद, लख्ख ढगाळ आभाळाखाली २ मिनिटं, मोकळ्या सावलीत ४ मिनिटं. कागद याच्या निम्म्या वेगाचाही असू शकतो. म्हणून त्याच उजेडात दोन वेळा करा: ढगाळ असेल तर २ आणि ४ मिनिटं, सावलीत ४ आणि ८. पूर्ण कागद खर्च करायची गरज नाही, झाकणाच्या मध्यावर दोन बोटं रुंदीची पट्टी लावली तरी नारळ तिच्यावर येतो.

निगेटिव्हवर उलटं वाचायचं. नारळ मधल्या राखाडीत, त्याचे धागे मोजता येतील असा हवा. पांढराच राहिला तर वेळ कमी पडली. पांढऱ्या कागदाचा तुकडा काळा येणारच, तो बघून वेळ कमी करू नका. नारळावरून वेळ ठरवायची, भिंतीवरून नाही.

सावलीत आठ मिनिटं लागत असतील तर बसूच नका, उजेड बदला. चार मिनिटांपलीकडे फार थोडी माणसं स्थिर राहतात.

## ८. आता तुम्ही

क्रम असा. डबा जागेवर, झडप बंद, भोकावरची टेप काढलेली. टायमर मोठ्या आवाजाचा आणि पाठीमागे ठेवलेला, म्हणजे तो बघायचा मोह होत नाही. खुर्चीत बसा, पाठ आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीच्या फुलीला टेकवा. पाय जमिनीवर सपाट. दोरा मांडीवर, मनगट मांडीला टेकलेलं. डब्याच्या थोडं वर एक ठिपका ठरवा आणि नजर तिथेच.

दोन श्वास घ्या आणि मग दोरा ओढा. श्वास रोखू नका. दोन मिनिटं कुणाला रोखता येत नाही, आणि शेवटी सोडताना खांदे धाडकन पडतात. संथ श्वासानं छाती जरा मऊ येते, चेहरा येत नाही. पापण्या लवल्या तरी चालतं, तेवढ्या क्षणाची नोंदच होत नाही. नजर भटकली की मात्र डोळ्यांच्या जागी राखाडी खड्डे येतात. हसू नका. पहिल्या वीस सेकंदांनंतर हसू थरथरायला लागतं, आणि थरथरलेलं हसू कागदावर दात दुखल्यासारखं दिसतं. ओठ नुसते मिटलेले, जबडा सैल.

चष्मा असेल तर दांड्या कानावर किंचित उचला, म्हणजे काचा खाली कलतात आणि आभाळाची चकाकी जाते.

टायमर वाजला की आधी दोरा सोडा, मग हला. वाजल्यावर दचकून मान वळवणं आणि मग दोरा सोडणं ही सवय लागते, ती मोडा. भोकावर टेप लावा आणि मगच डबा उचला.

सावधान: एकाच बैठकीत लगेच दुसरा कागद भरू नका. पहिला डेव्हलप करून बघा. तीन फोटो एकाच चुकीसकट काढण्यात काही मिळत नाही.

## ९. डेव्हलप

ट्रे डावीकडून उजवीकडे: डेव्हलपर, पाणी, फिक्सर. ट्रेवर मार्करनं नावं लिहा, लाल उजेडात तिन्ही सारखे दिसतात. प्रत्येकाचा चिमटा वेगळा. ४ × ५ च्या कागदाला प्रत्येकी ३०० मिली पुरतं. इलफर्डचा मल्टिग्रेड डेव्हलपर असेल तर ३० मिलीत २७० मिली पाणी, २० अंशांना एक मिनिट. दुसरं काही असेल तर बाटलीवरचं प्रमाण पाळा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशीच्या वर असतं, तेव्हा डेव्हलपरचा ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवा. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका.

कागद एका झटक्यात बुडवा आणि ट्रेचा एक कोपरा हळूहळू उचलत-सोडत राहा. चित्र साधारण दहा-पंधरा सेकंदांत दिसायला लागतं. इथे हात शिवशिवतो. काळं होतंय असं वाटून लोक वीस सेकंदांत कागद ओढतात आणि मग ठिगळं पडलेलं, दम नसलेलं चित्र मिळतं. पूर्ण मिनिट द्या. जास्त काळं झालंच तर पुढच्या वेळी एक्स्पोजर कमी करा, डेव्हलपिंग नाही.

मग दहा सेकंद पाण्यात, आणि फिक्सरमध्ये एक मिनिट. त्यानंतर दिवा लावायला हरकत नाही. वाहत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं धुवा आणि दोरीवर चिमट्यानं टांगा. ट्रे, चिमटे, मापाचं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही. हातमोजे घाला, खोलीत हवा खेळती ठेवा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तो कुंडीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवून फोटो लॅबवाल्यांना विचारा.

## १०. निगेटिव्ह वाचणं

भिंत रेखीव आणि चेहरा धुरकट: तुम्ही हललात. भिंत आणि चेहरा दोन्ही धुरकट: डबा हलला किंवा भोक बिघडलं. हा एवढा फरक ओळखला तर अर्धी धावपळ वाचते, कारण पहिल्या प्रकारात सुईला हातसुद्धा लावायचा नसतो.

कागद पूर्ण कोरा आला तर तीन शक्यता. कागद उलटा होता, झडप उघडलीच नाही, किंवा ट्रे अदलाबदल होऊन कागद आधी फिक्सरमध्ये गेला. पांढऱ्या दिव्याखाली कागदाचं कात्रण धरून डेव्हलपरमध्ये टाका. ते काळं पडलं तर डेव्हलपर ठीक आहे, पहिल्या दोन शक्यता तपासा.

चेहऱ्यात तपशील आहे, पण कपाळ आणि गालाच्या सावलीत फार अंतर आहे, असं झालं तर कागदाला आधी हलका उजेड दाखवून घ्यायची युक्ती आहे. अंधारात, झिरो बल्बवर दोन-तीन टिश्यू गुंडाळून, पट्टीवर एक-एक सेकंद वाढवत चाचणी करा. राखाडी दिसायला लागते त्याच्या आधीची पायरी ती तुमची वेळ. सगळ्या कागदांना डब्यात भरण्याआधी तेवढा उजेड द्या. गडद भाग लवकर जागे होतात आणि गव्हाळ चेहऱ्यांना याचा चांगला फायदा होतो. पण ही दुसऱ्या फेरीची गोष्ट आहे. साधी निगेटिव्ह नीट येईपर्यंत यात शिरू नका.

## ११. निगेटिव्हवरून फोटो

डार्करूममध्येच करायचं असेल तर कॉन्टॅक्ट प्रिंट. नवा कागद चकचकीत बाजू वर, त्यावर निगेटिव्ह चकचकीत बाजू खाली, वर काच. वरून टॉर्चचा उजेड दोन-चार सेकंद. उजेड निगेटिव्हच्या कागदातून झिरपत येतो म्हणून कागदामागचा छापील शिक्का असेल तर तोही उमटतो. बिनशिक्क्याचा कागद मिळाला तर तो घ्या.

स्कॅन करत असाल तर राखाडी रंगात १६ बिटला स्कॅन करा, रंग उलटे करा आणि मग डावं-उजवंही उलटा. कागदी निगेटिव्ह समोरून बघताना आरशासारखी असते. कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये ती आपोआप सरळ होते, स्कॅनमध्ये होत नाही. बरोबर झालं का हे शर्टाच्या खिशावरून बघा, चेहऱ्यावरून बघू नका. रोज आरशात बघून आपल्याला उलटा चेहराच बरोबर वाटतो, आणि सरळ केलेला फोटो बघून पुष्कळ जण म्हणतात की भांग चुकीच्या बाजूला आलाय.

एक नीट पोर्ट्रेट हाती आलं की त्याच खुर्चीवरून दोघे तुम्ही एका फोटोत आणता येतात. निम्मी वेळ डावीकडे बसायचं, दोरा सोडायचा, जागा बदलायची, पुन्हा ओढायचा. इथे मात्र भिंत गडदच हवी, जांभ्याची किंवा तांबड्या चादरीची. प्रत्येक चेहऱ्याला निम्माच उजेड मिळतो. मागे पांढरी भिंत असेल तर उरलेल्या निम्म्या वेळात ती दोन्ही चेहरे खाऊन टाकते.